तिचा पहिला अल्बम

खडकीहून हिंजवडीला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये ती रोज माझ्या शेजारी बसायची. इअरफोनची वायर बोटाला इतकी घट्ट गुंडाळायची, की बोटाचं टोक पांढरं पडायचं. नाव मी कधी विचारलं नाही.

त्या सकाळी ती माझ्याकडे वळली. "काकू, आज माझा अल्बम आलाय. गाणी मीच लिहिलीत, मीच गायलीत. ऐकाल?" म्हणत तिनं एक इअरफोन मला दिला.

हळुवार गिटार आणि त्याहून हळू आवाज. शेजारी कुणी झोपलंय म्हणून जपून गावं, तसा. शेवटच्या गाण्यात मध्येच एक मुलगा खळखळून हसला.

"माझा भाऊ. गेल्या वर्षी गेला. हे हसणं माझ्या फोनमध्ये राहिलं होतं. आई त्याचा फोटोसुद्धा बघत नाही, आणि मी तिला न विचारता गाणी पाठवली. तिनं ऐकलीत, पण काहीच बोलली नाही. तिला काही झालं तर?"

एवढ्या जगासमोर गायलेली मुलगी एकाच माणसाच्या धास्तीनं गोठली होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईचाच होता. ती नुसती बघत राहिली.

"उचल गं," मी म्हटलं.

माझा हात घट्ट धरून तिनं फोन घेतला. इअरफोन अजून माझ्या कानातच होता. पलीकडून रडून बसलेला आवाज म्हणाला, "अगं, तो हसतो ना, तेवढंच परत कसं लावायचं?"