शेरवानीसाठी टोचलेल्या सुया

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण निवृत्तीनंतर घरी सांगायला मला आठवतं ते शेरवानीचं प्रकरण.

बुऱ्हाणपुरात ठाणेदार असताना एका सकाळी शाहपुरचे एक केळीबागायतदार माझ्यासमोर बसले. मुलीची सगाई झालेली, पत्रिका वाटून झालेल्या. ते जसोंडीला होणाऱ्या जावयाच्या घरी गेले होते. पाणी घ्यायला फ्रिज उघडला, तर ताकाच्या भांड्यामागे सुया आणि पावडरच्या छोट्या बाटल्या.

"साहेब, पोरगा नशा करतो. चुपचाप तपास करा. लग्न मोडायचं तर आत्ताच मोडू."

मुलाला बोलावलं. चांगल्या घरचा, कापडाच्या दुकानात बसणारा. खुर्चीवर बसताना कळवळला. मी कारण विचारलं, तेव्हा त्याने लाजत शर्ट वर केला. बेंबीच्या बाजूला लिंबाएवढी लाल गाठ, अंगात ताप.

"नशा नाही साहेब, पेप्टाइड आहे, चरबी उतरवायचं इंजेक्शन. शेरवानीची बटणं लागत नव्हती. जिमवाले सर म्हणाले, महिनाभर टोच, पेट गायब."

जबाब बाजूला ठेवून त्याला आधी सरकारी दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला. म्हणाले, "या औषधाला मंजुरीच नाही. बाटलीत काय आहे, किती आहे, कुणाला माहीत नाही. हा पू रक्तात पसरला असता, तर पोरगा हातचा गेला असता."

आम्ही औषध निरीक्षकांना घेऊन जिमवर छापा टाकला. बाटल्यांवर इंग्रजीत छापलेलं होतं, फक्त संशोधनासाठी, माणसासाठी नाही. पंचनामा करून माल सील केला आणि जिमवाल्याला ठाण्यात आणलं. दंड माझ्या मांडीएवढे, आवाज मात्र मऊ.

"साहेब, आम्ही संशोधनच करतो."

"कुणावर?"

"मेंबरांवर."

"पावडर कशात कालवतोस?"

"फिल्टरच्या पाण्यात. नळाचं कधीच नाही, कसम से."

बाकी त्याचा एकच हेका होता. माल अस्सल आहे, डॉक्टर जळतात. दुपारपर्यंत हेच चाललं. तेवढ्यात आमचे हवालदार पुढे झाले. त्यांचं पोट पट्ट्याला जुमानत नसे. त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "एवढं चांगलं असेल, तर मला चालेल का हो? मला शुगर आहे."

जिमवाल्याचा चेहरा उतरला. "नका घेऊ, काका. त्यात काय असतं, मलाही माहीत नाही. मी स्वतः कधी घेतलेलं नाही."

मग सगळं बाहेर आलं. माल कुरियरने यायचा, पाठवणाऱ्याला त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याच्यावर गुन्हा दाखल केला.

मी बागायतदारांना दवाखान्यात नेलं. नशा नाही हे कळल्यावर ते जावयाच्या खाटेच्या पायथ्याशीच बसून राहिले. मुलगीही आली होती. मुलगा चादरीत तोंड लपवून म्हणाला, "तुला बारीक मुलगा हवा असेल म्हणून केलं."

ती शांतपणे म्हणाली, "सगाईत तुमचं पोट मला दिसलं होतं. पाहूनच हो म्हटलं."

लग्न पुढे ढकललं, मोडलं नाही. शेरवानी सैल शिवून घेतली.

चोराच्या भीतीने आपण दाराला तीन कड्या लावतो, आणि चांगलं दिसायचं म्हटलं की कुणाच्याही हातची सुई पोटात घेतो. हे मला त्या प्रकरणात कळलं. तेव्हापासून कुणी खात्रीचं औषध सांगितलं की मी विचारतो, "तुम्ही स्वतः घेता का?" बहुतेक जण विषय बदलून चहाचं विचारतात.