मूर्तीच्या कानामागचा पोपडा

वैशाखी पौर्णिमेआधीचा रविवार. काळेवाडीच्या विहारात हजर: सासूबाई, मी, सोनेरी ऑइलपेंटचा डबा घेतलेले समितीचे अध्यक्ष आणि हातात चिमटा धरलेली माझी नणंद.

या नणंदेइतकी श्वास रोखून जगणारी बाई अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये सापडणार नाही. तिची नोकरीच तशी. दुसऱ्या शहरातल्या सरकारी प्रयोगशाळेत सिंक्रोट्रॉन नावाचं अवाढव्य यंत्र आहे. त्यात गोल धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांमधून प्रखर प्रकाश निघतो. त्यातला डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सूक्ष्मदर्शकातून एखाद्या कणावर टाकायचा आणि कणाने काय शोषलं त्यावरून तो कशाचा आहे ते ओळखायचं, हे तिचं काम. हाडाची चकती, जुन्या कापडाचा धागा, झाडाचं पान, तिला काहीही चालतं. मात्र श्वासातली वाफ मापनात लुडबुडते, म्हणून नमुन्याजवळ ती श्वास धरते; आता सवयीने कुठेही धरते. माझ्या मुलीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा इतका वेळ धरला, की सासूबाईंनी पाठीत धपाटा घातला. "अगं, पोरीला बघ, पण जिती राहून बघ!" पर्समध्ये कंगवा नसतो, चिमटे असतात. पाहुण्यांच्या खांद्यावरचे केस ती नमुना म्हणून उचलते. आमच्याकडे पाहुणे कमी येतात, त्याचं हेही एक कारण.

सासरे चाकणच्या कारखान्यात रंगकाम करायचे. विहारातली बुद्धमूर्ती पहिल्यांदा त्यांनीच रंगवली. तो मऊ, चकाकी नसलेला रंग जुन्या माणसांना अजून आठवतो. पुढे लोकांनी हौसेने ऑइलपेंटचे थर चढवले आणि चेहरा बुजत गेला. सासरे गेले, रंगाची कृती कुणाला सांगितलीच नव्हती. यंदा पुन्हा सोनेरी रंग ठरला, तेव्हा नणंद आडवी आली. मूर्तीच्या कानामागचा, टिकलीहून लहान पोपडा तिने काढून घेतला.

"पौर्णिमेआधीच्या रविवारपर्यंत थांबतो, ताई. मग मी कुणाचं ऐकणार नाही," अध्यक्षांनी बजावलं.

यंत्रासमोर शास्त्रज्ञांची रांग. तिने एकेकाला फोन लावला. शेवटी एकाने आपला अर्धा दिवस दिला, कारण उत्तराची वाट बघताना हिने श्वास धरला आणि त्याला वाटलं, बाई रडतेय.

आज तिने निकाल सांगितला. "वर ऑइलपेंट, खाली ऑइलपेंट. सगळ्यात आतल्या थरात तेल नाहीच. चुना आहे आणि प्रथिनं. बहुतेक दूध."

सासूबाई म्हणाल्या, "तरीच! दूध कमी भरायचं. मी मांजराला झोडायचे, आणि हे खाली मान घालून चहा प्यायचे!"

अध्यक्ष हसत सुटले. त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "बरं, दूध तर दूध. पण आधीचे थर काढणार कोण?"

"मी."

"या चिमट्याने? ताई, पुढची पौर्णिमा उजाडेल."

"उजाडू दे, दादा."

चुन्याचं मी सांगून ठेवलंय, दुधाचंही. दुपारभर खपून नणंदेने एक कान मोकळा केला. आतला रंग बघायला सासूबाई वाकल्या, आणि मी पाहिलं, त्यांनीही श्वास धरला होता.

कान झाला. चेहरा बाकी आहे.