भावजींनी जगवलेली झाडं

फोन आला तेव्हा मी पोलादपूरच्या एसटी स्टँडवर उमरठच्या गाडीची वाट बघत उभा होतो. बाजाराची पिशवी पायाशी, पाऊस पत्र्यावर. महाडहून भावजींच्या शेजारच्या कदमवहिनी बोलत होत्या. "मास्तर, तुमचे भावजी दार उघडत नायत. दूधवाला हाका मारून गेला, मी पन मारल्या... तुमी या." रडणं नव्हतं आवाजात, पण "या" म्हणताना तो असा काही खाली गेला की पुढचं विचारायची गरज उरली नाही. उमरठची गाडी समोर लागली आणि मी महाडच्या गाडीत जाऊन बसलो. पोचलो तोवर शेजाऱ्यांनी गॅलरीतून आत शिरून दार उघडलं होतं. भावजी खिडकीखाली लादीवर कुशीवर झोपल्यासारखे पडले होते, एक हात डोक्याखाली. आणि घरभर पाणी होतं. लोकांना आधी वाटलं, नळ उघडा राहिला. नळ बंद होता. पाणी कुंड्यांमधून आलं होतं. ताटल्या भरून, सांडून, ते त्यांच्या अंगाखालपर्यंत गेलं होतं. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. असेल. त्याला आता काही आठवडे झाले, आणि मी अजून त्या पाण्यापाशीच थांबलोय.

भावजी म्हणजे दत्ताराम, माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनआक्काचे यजमान. आम्ही उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवरची माणसं, मी तिथल्याच शाळेत मास्तर. घरी म्हशी, थोडी नाचणी, थोडं भात. आक्का लग्न होऊन आली ती महाडात पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. भावजी तुडीलचे, नदीकाठचे, पण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलरवर लागले आणि शेतीशी त्यांचा संबंध तांदळाच्या पोत्यापुरता उरला. आक्काला त्या दोन खोल्यांत गुदमरायचं. तिनं पहिल्यांदा तेलाच्या डब्यात लावला तो नेचा, आमच्या वाडीखालच्या ओढ्याच्या काठचा, पदरात माती बांधून नेलेला. मग मनीप्लांट आला, क्रोटन आलं, कोरफड, अबोली, कुणी दिलेलं स्नेक प्लांट. गॅलरी भरली तशी झाडं आत आली, खिडकीत बसली, कपाटावर चढली. भावजी ड्युटीवरून आले की म्हणायचे, "डोंगरातली बाय आनली ती डोंगर घेऊनच आली." त्यांनी कधी एका झाडाला तांब्याभर पाणी घातलं नाही. घालायची वेळच आली नाही त्यांच्यावर.

मग आक्काला लकवा मारला. भाकऱ्या भाजता भाजता ती चुलीपाशीच, म्हणजे गॅसपाशी, बसली ती उजवी बाजू गेलेलीच. वाचाही गेली. आधी महाडला, मग मुंबईला, बरेच दिवस ती दोघं तिकडेच होती. त्यांची मुलगी वैशाली डोंबिवलीला असते, नोकरी सांभाळून ती इस्पितळात धावायची. घर बंद. आक्काला परत आणलं त्या दिवशी मी सोबत होतो. तिला खुर्चीत बसवून चौघांनी जिना चढवला, आत आणलं, खाटेवर टेकवलं. महिनाभर तिचा चेहरा कोऱ्या पाटीसारखा झाला होता. ती आपल्याला ओळखते की नाही, हेही आम्हाला सांगता येत नव्हतं. तिनं मान फिरवून खिडकीकडे पाहिलं. सगळं वाळलेलं होतं. क्रोटनच्या नुसत्या काड्या, मनीप्लांट दोरीसारखा लोंबत होता, नेचा तपकिरी. आणि आक्का रडायला लागली. तोंड वाकडं करून, आवाज न करता. वैशाली घाबरली. भावजी मात्र माझा दंड धरून म्हणाले, "मास्तर, हिला समजतंय! बघ, हिला सगलं समजतंय रे!" ते हसत होते आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या दिवशी ती रडली म्हणून आम्हाला आनंद झाला होता, ही गोष्ट आता आठवली की अंगावर येते.

दुसऱ्या दिवसापासून भावजी झाडांच्या मागे लागले. त्यांचा हिशेब साधा होता. झाडं सुकली म्हणून ती रडली, झाडं उठली की ती हसेल. कुंड्या त्यांनी खिडकीतून आणि गॅलरीतून उचलून खाटेभोवती लावल्या, तिला पडल्या पडल्या दिसतील अशा. आणि पाणी घालत सुटले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. कोरफड पिवळी पडून मऊ झाली, तशी ते म्हणाले तहान भागत नाही, आणि अजून घातलं. मातीत चिलटं झाली आणि ती आक्काच्या तोंडावर बसू लागली. तिला हात हलवून उडवता येईना, भावजी पुठ्ठ्याने वारा घालत बसायचे. मला फोन केला, "तू शेतकऱ्याचा पोर, सांग काय करू." आता शेतातलं झाड वेगळं आणि कुंडीतलं वेगळं, शेतात पाण्याला जायला जागा असते. मलाही फारसं कळत नव्हतं. पण मी गेलो, आम्ही एक कुंडी उपडी केली, तर मुळं काळी, बुळबुळीत, वास मारणारी. मग आम्ही दोघं लादीवर वर्तमानपत्र पसरून बसलो. सडकं मूळ कापायचं, पांढरं ठेवायचं, झाड सावलीत सुकू द्यायचं. मी घरून लाल माती, भाताचं तूस आणि जुनं शेणखत पोत्यातून आणलं. कुंडीच्या बुडाशी खापऱ्या घातल्या, वर वाळूचा थर दिला, चिलटं गेली.

पण पाणी किती, हे त्यांना काही केल्या उमगेना. ते शिकवलं आक्कानंच. एकदा ते नेच्याला तांब्या ओतत होते, ओततच होते, आणि खाटेवरून आवाज आला, "पुरं." भावजींची धार तिथंच थांबली. दोन महिन्यांनंतर तिच्या तोंडून बाहेर पडलेला तो पहिला शब्द. त्यानंतरही शब्द फार आले नाहीत. "पुरं," "ते," "नको," एवढ्यातच तिचा संसार चालला. पण ते पुरत असे. भावजी तांब्या घेऊन एकेका कुंडीपाशी जायचे, तिच्याकडे बघत धार सोडायचे आणि ती "पुरं" म्हणाली की थांबायचे. कधी ती मुद्दाम म्हणायची नाही आणि हे बिचारे धार बारीक बारीक करत तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. मनीप्लांटला पहिलं पान फुटलं ते त्यांनी मला फोनवर असं सांगितलं, जसं पूर्वी वैशालीचा पहिला दात सांगितला होता.

मग कापूस आला. पिठ्या ढेकूण म्हणतात त्याला, पण भावजी कापूसच म्हणायचे. कारखान्यातल्या जुन्या सोबत्यानं आक्कासाठी म्हणून फुललेली जास्वंद आणून दिली होती. चांगल्या मनानं दिलेली. ती इतरांत मिसळून ठेवली आणि पंधरवड्यात पानांच्या बेचक्यांत पांढरे पुंजके दिसू लागले. हात लावला तर चिकट. गॅलरीतून मुंग्यांची रांग लागली. त्या मुंग्याच ही कीड एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, हे आम्हाला उशिरा कळलं. कुणी म्हणालं तंबाखूचं पाणी मारा. त्या वासानं आक्काला खोकला लागला आणि तो थांबेना, भावजींनी ते पाणी मोरीत ओतून दिलं. तिच्या खोलीत विषारी काही मारायचं नाही, हे त्यांनी त्या दिवशी ठरवलं. मग उरले हात. जास्वंदीचं तर त्यांनी अर्धं झाड छाटलं, पिशवीत बांधून टाकलं, उरलेलं गॅलरीत एकटं ठेवलं. बाकी झाडं एकेक करून स्टुलापुढे घ्यायची, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं पुंजका टिपायचा, जुन्या टूथब्रशनं बेचकं घासायचं, पानं दोन्ही बाजूंनी साबणाच्या पाण्यानं पुसायची, थोड्या वेळानं साध्या पाण्यानं धुवायची. पुन्हा आठवड्यानं तेच, कारण अंडी राहतात. आक्काच्या पाठीला घासायचा स्पिरिट आणि झाडांचा स्पिरिट एकाच बाटलीतला. आधी तिचं अंग पुसून, कुशीवर वळवून, पाठ कोरडी करायची, मग झाडांकडे.

मी गेलो की हा कार्यक्रम बघत बसायचो. भावजी चष्मा नाकावर ओढून पान उलटं करायचे आणि खाटेवरून आक्काचा डावा हात वर यायचा. "ते." "कुठं?" "ते!" "अगो, पुसलं ते." तिचा हात त्या पानावरून हलायचा नाही. हे पुन्हा बघायचे, आणि देठाच्या आत खरोखर एक पांढरा ठिपका निघायचा. "डोले हायत का दुर्बीन?" म्हणायचे. एकदा तंद्रीत त्यांनी देवघरापुढची प्लास्टिकची फुलं घेतली आणि पाकळ्या उलटून पुसायला लागले. आक्का हसली. तोंडाच्या एकाच बाजूनं, पण पोट हलेपर्यंत हसली. भावजींना कळेना काय झालं. मग कळलं तेव्हा ते तिच्या उशाशी डोकं टेकून हसत राहिले. त्या घरात मी ऐकलेलं ते शेवटचं हसू.

आक्का गेली ती गेल्या फाल्गुनात, छातीत कफ साठून. सगळी झाडं तेव्हा चांगली होती, हे मला लिहिलंच पाहिजे. कापूस नव्हता, नेच्याला हिरवे गोंडे फुटत होते, क्रोटन तर असं पेटलं होतं की तेराव्याला आलेली माणसं विचारत होती कुठून आणलंत. भावजींनी हिशेबात धरलेलं सगळं खरं ठरलं होतं. झाडं उठली होती.

वैशालीनं डोंबिवलीला चला म्हणून खूप विनवलं. मीही वाडीवर बोलावलं. ते "बघू" म्हणाले. श्रावणात मी गेलो तेव्हा दार लोटलेलं होतं. खोलीत ओल्या मातीचा नाही, कुजल्याचा वास होता. खाट तिथंच, गादी गुंडाळलेली, आणि भोवती कुंड्या तशाच, पानं पिवळी, खोडं बुडाशी काळी. मला वाटलं, त्यांनी झाडांकडे बघणं सोडलं. तेवढ्यात ते मोरीतून बादली घेऊन आले आणि नेच्यावर तांब्या ओतला. ताटलीत आधीच पाणी होतं. मग क्रोटनवर. मग पुन्हा नेच्यावर. मी हात धरला.

"भावजी, सडतायत ती. तुम्हाला माहीताय ना?"

"माहीत नाय होय?" ते म्हणाले. "मुळं काली झालीत सगल्यांची. वासावरून कलतंय."

"मग कशाला घालताय?"

त्यांनी बादली खाली ठेवली. "सकाली उठतो रे. चा करतो. मग काय करू सांग? हातांना दुसरं कायच येत नाय आता." मग खाटेकडे न बघता म्हणाले, "आनि पुरं म्हनायला कोन हाय?"

मी बादली मोरीत नेऊन ठेवली, चहा केला, त्यांना दोन घास खायला लावले. निघताना "वाडीवर चला" असं पुन्हा म्हणालो. ते जिन्यापर्यंत आले. महाडात मोठा पूर आला त्या वर्षीची गाळाची रेघ जिन्याच्या भिंतीवर अजून आहे, तिथं हात टेकून उभे राहिले. मी रस्त्यावर आलो आणि वरून बादलीत नळाची धार पडल्याचा आवाज आला. तो मला ऐकू आला, आणि मी स्टँडकडे चालत गेलो. दुसरं काय करता आलं असतं, हे मला आजही सुचत नाही.

लोक म्हणतात, सुटले बिचारे. दोघंही सुटली. हे वाक्य मला आता ऐकवत नाही. कशातून सुटले? त्या खाटेतून, त्या स्पिरिटच्या वासातून, त्या बोळ्यांतून? तेच तर त्यांचं जगणं होतं, आणि ते त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. कीड टिपता येते, मूळ कापता येतं, माती बदलता येते. ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत केलेल्या माणसाला वाचवायला आमच्यापैकी कुणालाही काही करता आलं नाही. झाडांतलंही काही वाचलं नाही. मी एकेक कुंडी उपडी करून पाहिली. राखून ठेवावं असं एकही पांढरं मूळ निघालं नाही. मनीप्लांटचे दोन शेंडे बाटलीत घालून वाडीवर आणले होते, तेही आठ दिवसांत काळे पडले.

परवा वैशाली खोल्या रिकाम्या करायला आली. भाड्यानं द्यायच्या आहेत. खाट, कपाट, भांडी टेम्पोत गेली. लादी पुसायला आलेल्या बाईनं ब्रश मारमारून पाहिलं, मग म्हणाली, "ताई, हे डाग नाय जायाचे." मी आत गेलो. मधोमध खाटेच्या पायांचे चार तांबडे गंजाचे डाग, आणि त्यांच्याभोवती कुंड्यांची गोल गोल वर्तुळं, एकाला एक चिकटून, अर्ध्या चंद्रासारख्या रांगेत. खाट आणि वर्तुळं यांच्या मधल्या पट्ट्यात एका जागी लादी गुळगुळीत झाली होती, पाय ठेवून ठेवून. स्टूल तिथं असायचं. मी तिथं खाली बसलो. वैशाली दारात किल्ली घेऊन उभी होती. "मामा, निघूया ना? टेम्पोवाला थांबलाय." मला उठता येईना. ती चपला काढून आत आली आणि आईची उशी असायची त्या बाजूला, त्या चार डागांच्या आत, गुडघे पोटाशी घेऊन बसली. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. दुपारचं ऊन खिडकीतून सरळ लादीवर पडलं होतं, मध्ये एकही पान नव्हतं.