समुद्रावर न गेलेला गोटा

मागच्या रविवारी चिखल्याला बहिणीकडे गेलो होतो… भाची पल्लवी जहाजावर निघायची होती, म्हणून निरोपाला. तिथे एका काळ्या गोट्यावरून घरात चांगलीच सभा भरली.

आधी पल्लवीबद्दल. ती समुद्राच्या पाण्याच्या रसायनशास्त्रात संशोधन करते. मॅंगनीजच्या खाणीशेजारी वाढलेली मुलगी… तिने हा विषय घेतला तेव्हा नात्यातले लोक म्हणाले होते, "भंडाऱ्याच्या पोरीले समुद्र कायले पाह्यजे?" मी पडलो गावोगाव भाषणं देणारा माणूस; त्या दिवशी तिच्या बाजूने मी जे बोललो, ते काही जण अजून विसरलेले नाहीत. मीही विसरलेलो नाही.

भाऊजी, म्हणजे तिचे वडील, जन्मभर त्याच खाणीत जमिनीखाली राबले. गेल्या वर्षी रिटायर झाले. शेवटच्या दिवशी साहेबांना विचारून त्यांनी मॅंगनीजचा एक गोटा घरी आणला… मुठीएवढा, काळाभोर, उचलला की हात खाली जावा इतका जड.

पोहे खाता खाता भाऊजींनी तो रुमालातून काढला आणि पल्लवीच्या बॅगेवर ठेवला. "जहाजावर टेबलावर ठेवजो माय. बापाची याद राहीन."

पल्लवी हळूच म्हणाली, "बाबा, हा नाही नेता येणार."

भाऊजींचा चेहरा उतरला. वर्षभर त्यांनी तो गोटा तिच्यासाठीच जपला होता. पाहुण्यांनाही हात लावू दिला नव्हता…

मला राहवलं नाही. हातातली बशी ठेवली आणि उभाच राहिलो. ज्या हातांनी देशाच्या पोलादासाठी जमिनीचं पोट खणलं, त्या हातांची खूण प्रयोगशाळेला चालत नसेल, तर ते विज्ञान नेमकं कोणाचं… असं रंगात येऊन बोलत होतो. आवाज बराच लांब गेला असावा, कारण दोन शेजारी दारात येऊन उभे राहिले.

"बस खाली दादा," बहीण म्हणाली. "पोहे थंडे होऊन राहिले. आन् पोरीचं तं आयकून घे."

बसलो. ऐकलं.

समुद्राच्या पाण्यात लोह, तांबं, जस्त, मॅंगनीज असतं, पण अगदी नावापुरतं. त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती जगतात, आणि आपण घेतो त्या प्राणवायूतला मोठा वाटा त्यांनी बनवलेला असतो. आता आपल्या गाड्या-कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषून घेतो आहे, आणि त्याने पाण्याचा गुण बदलतो आहे…

"म्हणजे समुद्र आंबट झाला," मी म्हणालो.

"झाला नाही मामा, आंबटाकडे सरकतोय. उद्या भाषणात 'झाला' म्हणाल, आणि लोक मला फोन करतील."

तर, पाणी असं बदलत गेलं की हे धातू त्या वनस्पतींना पूर्वीसारखे मिळतील का… हे ती शोधते आहे. त्यासाठीच जहाज.

"आन् मॅंगनीज किती सापडते तेथं?" भाऊजींनी मध्येच विचारलं.

"मधल्या समुद्रात टँकरभर पाण्यात मोहरीच्या दाण्याएवढंही नाही, बाबा."

भाऊजी तिच्याकडे बघतच राहिले. "आमी इथं ट्रकच्या ट्रक भरले. आन् तू तेवढ्यासाठी जहाज घेऊन चालली?"

दारातले शेजारी हसले. पल्लवीही हसली, पण भाऊजी विषय सोडेनात. "मंग जहाज कायचं आहे? लोखंडाचंच ना?"

"हो ना. त्याचा कण मिसळला तरी मोजणी चुकते, म्हणून तपासायचं पाणी जहाजापासूनही वाचवावं लागतं." बाटल्या प्लास्टिकच्या, कित्येक दिवस ॲसिडमध्ये भिजवून धुतलेल्या. त्या खाली सोडायचा दोरसुद्धा धातूचा नाही. काम करताना हातात बांगडी नाही, घड्याळ नाही…

"म्हणजे हा गोटा तेथं गेला तं तुह्या साऱ्या बाटल्या खराब?"

"गोटा कशाला बाबा… तुमच्या रुमालाची धूळ पुरे."

मला वाटलं, आता हा माणूस खचला. भाऊजींनी रुमालावरचे काळे डाग निरखून पाहिले. मग दाराकडे वळले.

"आयकलं काय गा? आपल्या रुमालाच्या धुळीनं समुद्राचा हिसाब बिघडते. लय दम आहे आपल्या मालात."

आणि हसले… अगदी मनापासून. स्वतः उठून ओलं फडकं आणलं आणि तिची बॅग चारही बाजूंनी पुसायला बसले. कोपरे, चेन, हँडल, काही सोडलं नाही.

"बापाच्या यादेचं काय मंग?" बहिणीने विचारलं.

"तिथे रोज बाबांचाच माल मोजणार आहे मी," पल्लवी म्हणाली. भाऊजी मान खाली घालून हँडल पुसत राहिले… जरा जास्तच वेळ.

मग त्यांनी गोटा उचलला आणि माझ्या हातात दिला. "घ्या भाषणवाले. तुमच्या कागदावर ठेवा. भाषणाले वजन येईन."

परवा तुमसरला माझं भाषण होतं. विषय समुद्राचा… हो, तुमसरमध्ये समुद्राचा. डोक्यावर पंखा गरगरत होता, पण टेबलावरच्या गोट्याखालचा एकही कागद हलला नाही. समुद्र आंबटाकडे "सरकतोय" असंच म्हणालो, आणि त्या धुरात आपल्या सगळ्यांचा वाटा आहे हे मात्र माझ्या नेहमीच्या आवाजात सांगितलं.

भाऊजी पहिल्या रांगेत होते. संपल्यावर जवळ आले, गोट्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आज वजन होतं गा… पण गोट्याचं."

घरात असे श्रोते असले, की पाय जमिनीवर ठेवायला वक्त्याला वेगळं काही करावं लागत नाही. पल्लवी, तू निवांत मोज… तुझ्या बाबांचा गोटा माझ्याकडे सुखरूप आहे.