तवेवाला, माइकवाली आणि आमची पायमशीन

आमच्या दुकानात भांडणं होतात ती ब्लाउजच्या मापावरून, असं लोकांना वाटतं. साफ चूक. गिऱ्हाइकाशी मी भांडत नाही. उसवते, परत शिवते आणि तोंड बंद ठेवते. आमची खरी भांडणं झाली ती अमेरिकेतल्या एका तवेवाल्यावरून. ती एकदा इतकी रंगली की समोरच्या खताच्या दुकानाचे मालक रस्ता ओलांडून आले आणि विचारू लागले, "ताई, काही वाईट बातमी हाय का?"

सेलूत कापसाच्या जिनिंग मिलकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं शिवणकामाचं दुकान आहे. दुकानात तेव्हा आम्ही तिघी. मी, साड्यांना फॉल आणि ब्लाउजला हूक लावणारी मावशी, आणि माझ्या शेजारच्या मशीनवर बसणारी एक पोरगी. मावशीच्या तोंडाला लगाम नाही. पोरीचं उलटं. लहानपणापासून ती बोलताना अडखळायची. शब्दाचं पहिलं अक्षर तोंडात अडकायचं, तेच तेच पुन्हा यायचं, मान ताठ व्हायची. मग समोरच्या माणसाला दया यायची, तो तिचं वाक्य पुरं करून टाकायचा आणि ती गप्प बसायची. तिच्या आईनं तर तिला आयुष्यात एक वाक्य शेवटापर्यंत बोलू दिलं नसेल. हात मात्र असा सफाईदार, की तिची शिलाई दाखवून मी नवीन गिऱ्हाईक पटवायची.

ती मालिका मी लावली, तीही एका जॅकेटपायी. मोबाईलवर तिचं चित्र आलं. त्यात एक उंच, काळीसावळी पोरगी हातात माइक घेऊन उभी, आणि अंगात असं जॅकेट की मी बघतच राहिले. खांद्याची शिलाई कशी मारलीय ते बघावं म्हणून लावली. हिंदीत डब केलेली होती. तिकडच्या एका गरीब वस्तीत हिप हॉप कसं सुरू झालं, त्याची गोष्ट. आता हिप हॉपशी आमचं काय देणंघेणं? टोपी उलटी घालून हातवारे करायचे, एवढाच माझा समज. पण पहिल्याच भागात त्या पोरांनी रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून वायर ओढली, स्पीकर जोडले आणि भर रस्त्यात नाच सुरू केला. मावशीच्या हातातली सुई थांबली.

"अगं माय! आकडा टाकला की गं यांनी!"

झालं. त्या दिवसापासून ती माणसं आमची झाली. रोज दुपारी डबे खाऊन झाले की रिळांच्या डब्याला मोबाईल टेकवायचा आणि एक भाग बघायचा. लाईट गेली तरी पायमशीन चालते, त्यामुळे कामालाही खंड नाही. तिकडची नावं काही आमच्या तोंडी बसेनात, मग आम्ही आमचीच ठेवली. दोन तबकड्या, म्हणजे मावशीच्या भाषेत तवे, फिरवून गाणं वाजवणारा तो तवेवाला. त्याच्या तालावर यमक जुळवत बोलणारी ती माइकवाली.

मावशीला तवेवाला पहिल्यापासून आवडेना. "हे पोरगं तेवढंच तेवढंच कामून वाजवायलंय? तवा खराब झालाय का त्याचा?"

"मावशी, तीच तर करामत हाय त्याची. गाण्यात ज्या जागेला लोक नाचतेत, तेवढाच तुकडा तो परत परत फिरवायलाय."

"आमच्या टायमाला तवा असा अडकला की चापट मारायचे त्याला."

त्यावर शेजारची मशीन थांबली. पोरगी मोबाईलकडे बघत होती. तिनं तोंड उघडलं आणि अक्षर अडकलं. मावशी तिच्या वतीनं बोलणार, तेवढ्यात मी टेबलावर कात्री आपटली. आमच्या दुकानात कात्री आपटली की गप्प बसायचं असतं.

"अ... अ... अडकतंय त्याचं बी," ती म्हणाली. "माझ्यावाणी. पण तो म... मुद्दाम अडकवायलाय. आन लोक नाचायलेत."

मला एकदम भरून आलं. मावशीनं स्वतःच मोबाईल उचलला आणि तो तुकडा परत लावला.

मोठं भांडण पेटलं ते पुढं. तवेवाल्याकडं रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला आणि तवेवाला त्याच्या गाडीत बसून शहराच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला. माइकवाली जुन्या गल्लीतच राहिली. माझं म्हणणं, त्यानं गेलंच पाहिजे होतं. एक जण वर गेला तरच गल्लीचं नाव होतं. मावशीचं म्हणणं, मेला दगाबाज आहे, माइकवालीच्या जिवावर मोठा झाला आणि तिलाच टाकून पळाला. आम्ही दोघी तावातावानं भांडायचो. पोरगी दोघींनाही 'न्हाई' म्हणून मान हलवायची. म्हणजे तिचं मत तिसरंच होतं, पण आमच्या गलक्यात तिचं पहिलं अक्षर निघेपर्यंत आम्ही पुढच्या मुद्द्यावर पोचलेल्या असायचो. मग ती रागानं पायडल मारायची, खटाखट खटाखट, आणि आम्ही हसायचो.

त्याच सुमाराला तिचं लग्न ठरलं. मुलगा पालमकडच्या एका गावचा. घरची शेती, गावात किराणा दुकान. बघायला आले तेव्हा आईनं तिला बजावून ठेवलं होतं, मान हलव, जास्ती बोलू नको. पण दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं, तिथं तिनं त्याला सगळं सांगून टाकलं, अडखळत अडखळत. तो म्हणे, "सांगा निवांत. मला कुठं एस्टी धरायचीय?" तिथंच तिला तो पसंत पडला. त्याच्या घरच्यांना मात्र काही माहीत नव्हतं. जाताना सासूबाई म्हणाल्या, "लय शांत पोरगी हाय. आवडली आमाला." आई खूश झाली. पोरीचा चेहरा उतरला.

खरा घोर होता तो दारातल्या उखाण्याचा. आमच्याकडं नवी नवरी सासरी आली की नणंदा दार अडवतात. उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडू देत नाहीत. अर्धं गाव गोळा होतं, आणि आता तर सगळ्यांचे मोबाईलही वर. नवरीबरोबर पाठराखीण म्हणून मी जाणार होते. तिची आई दुकानात आली आणि माझ्यापुढं हात जोडून बसली.

"ताई, तिच्या जागी तुमीच नाव घ्या. नवरी लाजायलीय म्हणून सांगा. इज्जतीचा सवाल हाय."

"घेते की, त्यात काय," मी म्हणाले. मला वाटलं, सुटली बिचारी.

पोरीनं पायडलवरचा पाय काढला. "न... न्हाई." आई मधे बोलायला लागली, मी कात्री आपटली. "दारात माझ्या बदली त... ताई बोलली, तर त्या घरात ज... जन्मभर माझ्या बदली दुसरंच कुणीतरी बोलंल."

आई डोळे पुसत गेली आणि आम्ही तयारीला लागलो. रस्ता मालिकेनंच दाखवला. एका भागात माइकवालीचा गर्दीपुढं आवाज फुटत नाही, तर तवेवाला तिला म्हणतो, आधी पायात ताल धर, मग बोल. मावशी ओरडली, "ऐकलंस का? पाय म्हणायलाय! तुझा पाय तर दिवसभर चालूच हाय!" मग पोरगी रिकामी मशीन चालवायची, दोरा न ओवता, आणि त्या खटखटीवर उखाणा म्हणायची. दहातल्या सहा वेळा सरळ यायचा. तिला 'क' सगळ्यात जड, आणि उखाणा 'कापड' या शब्दानं सुरू व्हायचा. मी म्हणाले, बदल ना बाई, सोप्या अक्षरानं सुरू कर. तर म्हणे, न्हाई. हट्टी म्हणजे किती हट्टी.

आता आम्हा तिघींचा शहाणपणा ऐका. इतके दिवस मशीनवर सराव केला, आणि दारात मशीन नसणार हे एकीच्याही डोक्यात आलं नाही! मला ते आठवलं वरातीच्या गाडीत, पालम मागं पडल्यावर. मग मनाला समजावलं, वरातीत हलगी आहे, तिचा ताल धरंल पोरगी. पण हलगी दारापर्यंतच वाजते. नाव ऐकायचं म्हणूनच तर वाजंत्री बंद करतात. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, मीच ऐन वेळी विसरले.

दिवेलागणीला आम्ही दारात उभ्या. हलगी थांबली. सासूबाईंनी ओवाळलं. थोरली नणंद, कॉलेजात जाणारी धडधाकट पोरगी, दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली.

"वैनी, नाव घ्या. मगच आत."

मोबाईल वर. माझ्या एका हातात तिची बॅग, दुसऱ्या हातात रुखवताची टोपली, म्हणजे मला टाळीही वाजवता येईना.

"का... का... का..."

अडकलं. मान ताठ झाली. मागून कुणीतरी बाई खिदळली, "कावळा ओरडायलाय का गं?" त्या बाईच्या झिंज्या उपटाव्यात असं मला झालं. मी पोरीच्या पाठीशीच होते. तिनं एकदा, फक्त एकदा मागं वळून बघितलं असतं, तर मी बोलून मोकळी झाले असते. माझा उखाणा ओठावर तयार होता. मी वाट बघत राहिले. ती वळलीच नाही.

आणि मग मला पैंजण ऐकू आले. टाच, चवडा. टाच, चवडा. उंबरठ्याजवळच्या फरशीवर पोरीनं पायडल मारायला सुरुवात केली होती. अक्षर अजून अडकलेलंच होतं, पण आता ते पायाच्या तालात अडकत होतं. तिनं ते सोडवायची घाईच केली नाही. तवेवाल्यानं तबकडी फिरवावी तसं तिनं ते फिरवलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि सोडून दिलं:

"का-का-का, का-का-का, कापड धरलं ताठ,
दोऱ्याला मारली गाठ,
...रावांचं नाव घेते,
नणंदबाई, सोडा वाट!"

रावांच्या आधी तिनं त्याचं नाव घेतलं होतं, ठणठणीत, एका दमात. मी ते इथं लिहीत नाही, त्या घरचं आहे. नणंदेचे पसरलेले हात खाली आले आणि टाळ्या वाजवू लागले, त्याच तालात. "अजून एक, वैनी! अजून एक!" बायका टाळ्यांत मिसळल्या. हलगीवाल्याला राहवेना, त्यानं हलगी उचलली. आणि माझ्या पोरीनं, जिला आम्ही एकच उखाणा शिकवला होता, तिथल्या तिथं दुसरा जुळवला:

"सेलूचा कापूस, पालमची ज्वारी,
अडकत बोलीन, पण गोष्ट सांगीन सारी!"

काय गलका झाला म्हणून सांगू! शिट्ट्या वाजल्या. नवरदेव तर असा हसत होता, जणू त्यालाच बक्षीस मिळालंय. सासूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "शांत कुठाय ही? माय माय माय, ही तर आमा सगळ्यांला पुरून उरंल!" आणि त्यांनीच तिचा हात धरून तिला आत घेतलं. नणंद तिच्या कानाशी लागली होती. "वैनी, खरं सांगा, तुमी बी ती हिप हॉपची सीरियल बघता का?" मी बॅग आणि टोपली खाली ठेवली आणि भर दारात ढसाढसा रडले. आनंदानं रडले, लपवायचं काय त्यात.

तिचं अडखळणं गेलं का? छे. तसं काही जात नसतं. परवा मालिकेचा शेवटचा भाग आला. आम्ही दुपारी बघितला, आणि बघून होतोय तोवर तिचा फोन. तिकडं ती आणि नणंद दोघींनीही बघितला होता. मी फोन स्पीकरवर टाकला आणि सुरू झाले, "बघ, मी म्हणत नव्हते का? तवेवाल्यानं माइकवालीला सोडलं ते बरंच केलं, म्हणून तर गल्लीचं नाव झालं..."

"च... च... च..."

मी थांबले. मावशीनं सुई खाली ठेवली. माप द्यायला आलेली एक बाई काही विचारणार होती, मावशीनं तिलाही हातानं थांबवलं. फोनमधून तिकडच्या घरातला भांड्यांचा आवाज येत होता, नणंद जवळच असणार, पण तिकडंही कुणी मधे बोललं नाही.

"चुकलीस तू, ताई," पोरगी म्हणाली. "पहिल्यापासून च... चुकायलीस. त्यानं तिला सोडलंच न्हाई. तिनं त्याला सोडलं. त्याची गाडी निघती त्या टायमाला नीट बघ परत. ती म... मागं वळून बघत न्हाई."

मी मोबाईल पुन्हा रिळांच्या डब्याला टेकवला आणि तवेवाला जातो तो भाग परत लावला. खरंच, ती वळत नाही.