आईचे बूट, रोमच्या पायऱ्यांवर

तेरा दिवसांत सात देश दाखवणारी ती सहल होती आणि रोम बाराव्या दिवशी आलं. तोवर माझे डोळे विटले होते. पुतळा दिसला की बसमधून उतरायचं, फोटो काढायचा, संडास शोधायचा, की पुन्हा बस.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी ठाण्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो, राहायला डोंबिवलीत. वडील कल्याणजवळ मोहने गावच्या कारखान्यात होते. ते गेल्यावर आलेले पैसे आईने जपून ठेवले होते. "इतकी वर्षं पोरांना त्या घुमटाचं चित्र दाखवतोयस, एकदा जाऊन बघून तरी ये," असं म्हणत तिनेच ते काढले. तिला एकटीला मागे ठेवणं जिवावर आलं, म्हणून तीही आली. सहावारी साडी, वर स्वेटर, पायांत कल्याणच्या बाजारातले कापडी बूट.

तो घुमट रोमच्या सगळ्यात मोठ्या चर्चवरचा. मी आलो होतो तो एवढ्याचसाठी, बाकीचे देश नुसते गळ्यात पडले होते. टूर लीडरने पंचेचाळीस मिनिटं दिली. पायऱ्यांवर पोचलो आणि आई खाली बसून नाड्या सोडू लागली.

"अगं, इथे बूट घालूनच जातात."

"जाऊ देत. देव कुणाचा का असेना, मी नाही जाणार."

पिशवीत घालून आत ने म्हटलं, तर तेही तिला चालेना. वाद घालायचं त्राण नव्हतं. "बरं, तू हो पुढे," मी म्हणालो. ती मोज्यांवर आत गेली.

मी बुटांपाशी थांबलो. कुणाला हसू येईल, पण डोंबिवलीत देवळाबाहेरून माझ्या चपला दोनदा गेल्या होत्या. आमच्याकडे दर्शनाला गेलं की एक जण आत, एक जण चपलांशी, मग अदलाबदल. हाडीमाशी खिळलेली सवय. शिवाय आईच्या सुजलेल्या पायांना होणारा तो एकच जोड होता. ती येईल, मग मी जाईन, असं मी धरून चाललो.

वीस मिनिटं झाली, तीस झाली. आमच्या ग्रुपमधले लोक बाहेर येऊन "काय तो घुमट!" करू लागले. मला आईचा भयंकर राग आला. देवापुढे बसली की हिला जगाचं भान नसतं, असं काहीबाही मनात बोललो. नुसतं दारातून डोकावून यावं म्हणून दोनदा उठलो आणि बुटांकडे बघून पुन्हा बसलो. शेवटी टूर लीडरची पिवळी छत्री वर झाली आणि मागोमाग आई आली.

मी वाकून तिच्या नाड्या बांधल्या. तोंड उघडलं असतं तर भांडलोच असतो.

बसमध्ये तिने पाय लांब केले. "मी आपली शेवटच्या बाकावर बसून राहिले रे," ती म्हणाली. "मान कुठे वर होते माझी? तू मागनं आत आलेलास ना, म्हटलं मी लवकर उठले तर हा पण घाईघाईत निघेल. बघू दे पोराला निवांत. परदेशात बुटांना कोण हात लावतंय?"

बस सुरू झाली होती.

"डोळे भरून बघितलास ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "बघितला."