निळीचे पाणी

लाँचच्या इंजिनाचे जे निदान सयाजी मिस्त्रींनी तीन दिवस खपून केले, ते भागूला सांगताना त्यांनी अर्धेच का सांगितले? त्या कुटुंबाकडे पाच वर्षे जाऊनयेऊन असूनही या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही.

मिस्त्रींचे गॅरेज नारायणगावात. पण जन्म येडगाव धरणाखाली गेलेल्या एका वाडीतला. त्यांची थोरली बहीण साळुबाई जलाशयाच्या पलीकडच्या काठाला राही. तिची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि दर सोमवारी व गुरुवारी तिला डायलिसिससाठी नारायणगावला यावे लागे. रस्त्याने दीड तास, लाँचने वीस मिनिटे. जीपच्या धक्क्यांनी तिचा जीव कासावीस होई, म्हणून ती लाँचनेच येई.

या लाँचला जुने ट्रॅक्टरचे इंजिन २०१६ साली मिस्त्रींनीच बसवले होते. चाचणीच्या दिवशी बुडालेल्या वाडीच्या कळमजाईच्या देवळावर लाँच आली, तेव्हा त्यांनी इंजिन बंद केले आणि हात जोडले. देवीच्या डोक्यावर फटफट नको, एवढेच ते म्हणाले. पुढे लाँच चालवणाऱ्या भागूने ती रीत प्रत्येक फेरीला पाळली.

जानेवारी २०१९ मध्ये भागू गॅरेजवर आला.

"मिस्त्री, इंजन दुभतं झालंय राव. आईलची पट्टी वढली की साय निघतीया."

"मग डेअरीला घाल की."

"ग्यासकीट तुमीच बदललंय म्हैन्यापूर्वी. गावात इचारत्यात, मिस्त्रीला दिसतं का न्हाई म्हनून."

ऑइलमध्ये पाणी मिसळले की ते दुधाळ होते. शेतावरच्या इंजिनात असे पाणी बहुधा सांध्यातल्या फुटक्या गॅस्केटमधूनच उतरते. तीस वर्षांच्या सवयीने मिस्त्रींनी पहिल्या वेळी तेच बदलले होते. या खेपेस त्यांनी इंजिन थंड ठेवणाऱ्या टाकीत कपड्यांची नीळ कालवली. लाँच दोन दिवस नेहमीसारखी चालू दिली, मग एक रात्र उभी ठेवून सकाळी ऑइलच्या तळाचा नट सैल केला. ऑइलच्या आधी ओंजळभर पाणी आले. ते निळे असते, तर दोष इंजिनाच्या आत असता. पाणी स्वच्छ होते. म्हणजे धरणाचे होते.

धुराचा पाइप लाँचच्या मागच्या टोकाला, पाण्याच्या वर जेमतेम वीतभर उघडत होता. मागे ओझे आले की त्याचे तोंड बुडे. इंजिन चालू असेतो धूर पाण्याला बाहेर लोटी. ते बंद पडताच पाइप निवे आणि पाणी आत ओढून घेई. काठावर लाँच रिकामी होई, पाइप वर येई. भरल्या लाँचचे इंजिन बंद होण्याची जागा साऱ्या जलाशयात एकच होती.

तो गुरुवार होता. इंजिन उघडे पडल्यामुळे साळुबाईची डायलिसिसची पाळी चुकली. सोमवारी जाईन, असे तिने कळवले.

"पानी कुडनं येतंय मग?" भागूने विचारले.

"पाइपातनं. सोमवारी टपावर घेतो."

"तवर चालवू का?"

"चालव. मागं टमाट्याचं क्रेट ठेवू नको."

"आन बाकी?"

मिस्त्रींनी हात पुसले. "बाकी काय न्हाई."

शनिवारी दुपारी साळुबाईला धाप लागली. चुकलेल्या पाळीचे पाणी फुफ्फुसात साठले होते. भागूने मिस्त्रींचा शब्द पाळला. एकही क्रेट घेतले नाही. पण तिला मागच्या फळीवर निजवले आणि शेजारची आठ माणसे तिच्याभोवती बसली. देऊळ आले तेव्हा साळुबाईच म्हणाली, "थांबीव रं भागू. आईला सांगते."

भागूने इंजिन बंद केले. सगळ्यांनी हात जोडले. नेहमीपेक्षा अंमळ जास्त वेळ जोडले, असे त्यांतल्या दोघांनी मला सांगितले. पुन्हा चावी फिरवली तेव्हा इंजिन एकदा खाटकन वाजले आणि जागीच अडकले. पाण्याने भरलेल्या सिलिंडरने पिस्टनचा दांडा वाकवला होता. दुसरी होडी पोहोचायला सव्वा तास लागला. त्याआधीच साळुबाई गेली.

त्या वेळी मिस्त्री नारायणगावात पाइप वाकवून घेत होते.

गावात दोन मते झाली: गॅस्केट पुन्हा फुटले, किंवा देवीने आपले माणूस नेले. मिस्त्रींनी दोन्ही ऐकून घेतली. दहाव्याला भागू त्यांच्या पायाशी बसून म्हणाला, "मिस्त्री, तुमी सांगितलं तसंच केलं व्हतं." मिस्त्री म्हणाले, "व्हय."

मला ते एकदाच बोलले. "बंद करू नको म्हनलो असतो, तर तिथं परत कुनी थांबलं नसतं. वाडीचं तेवढंच ऱ्हायलंय." हे कारण होते की नंतर शोधलेला आधार, ते त्यांनाही ठरवता आले नाही.

फेब्रुवारी २०१९ पासून त्या लाँचचा धुराचा पाइप टपावरून जातो. कळमजाईवर इंजिन बंद करण्याची रीत २०२४ मध्येही चालू होती.